लाइलची रिकामी जागा

पायनी फोर्कच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणत. त्यात इतरांना क्षमा करण्याची ओळ आली की ओलीटा ग्रब्स तोंड मिटून घ्यायची. गुपचूप नव्हे, चांगले ओठ आवळून आणि हनुवटी वर करून. ओळ सरली की ती पुन्हा खणखणीत आवाजात सामील व्हायची, म्हणजे मध्ये ती गप्प होती हे शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्यालाही कळावं. पास्टर हॉइटनं एकदा तिला दारात गाठलं.

"ओलीटा, देवाला ऐकू जातं बरं का."

"जाऊ दे की. त्याच्यासाठीच तर गप्प बसते."

हॉइट पुढच्या माणसाशी हात मिळवायला वळला. आर्कन्सॉच्या आमच्या या डोंगराळ भागात पास्टरशी वाद घालणारी माणसं कमी, आणि ओलीटाशी वाद घालणारी त्याहून कमी.

बाई साठी ओलांडलेली, अंगानं काटक, केस पांढरे आणि वेणी कमरेपर्यंत. उभं आयुष्य कोंबड्यांच्या कारखान्यात गेलेलं. पट्ट्यावरून लटकत येणाऱ्या कोंबड्या कापायच्या, लघवीला जायचं तरी हात वर करून मुकादमाला विचारायचं. तिचा नवरा तरुणपणीच टल्साच्या एका बाईबरोबर पळाला. जाताना गाडी नेली, टीव्ही नेला, कुत्रासुद्धा नेला. चालू होत नव्हती म्हणून मोटरसायकल तेवढी अंगणात सोडली, आणि रांगणारा लाइल. ओलीटानं आधी पोराला वाढवलं, मग ती मोटरसायकल उघडून जोडून चालती केली आणि शेताच्या मातीच्या वाटेवर कारखान्याचे बूट घालून स्वतःच चालवायला शिकली. पडली किती वेळा, ते तिच्या गुडघ्यांना विचारा.

रविवारी चर्च सुटलं की ती नदीकाठच्या रस्त्याला लागायची. पुढे टाकीवर लाइल, त्याच्या डोक्यात तिचं जुनं हेल्मेट. त्या रस्त्यावर हात वर करून कुणाला काही विचारावं लागत नसे. वळणावर गाडी कलली की पोटात गोळा यायचा आणि सरळ झाली की हसू यायचं, आणि ती मोठमोठ्यानं देवाशी बोलायची. चर्चमध्ये देव आहे हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. तो नक्की आहे असं तिला वाटायचं ते रस्त्यावर, वारा तोंडावर आला की. चर्चमधल्या बायकांना हे पटायचं नाही. ओलीटाला त्यांना पटवायचंही नव्हतं.

पुढे हॉइट पास्टर म्हणून आला तोच मोटरसायकलवर बसून. त्यानं 'देवाचे वाटसरू' नावाचं मंडळ काढलं. कातडी जाकिटाच्या पाठीवर चाक आणि चाकात क्रूस अशी पट्टी शिवलेली. रांगेत सर्वांत पुढे हॉइट, त्याच्या बाजूला लाइल. तोवर लाइल बापापेक्षा उंच आणि आईपेक्षा शहाणा झाला होता. आणि सर्वांत शेवटी ओलीटा. शेवटच्याला आमच्याकडे शेपूट म्हणतात, पण त्यात कमीपणा नाही, उलट मान आहे. रांगेला बाजूची लेन घ्यायची असली की शेपूट आधी तिकडे सरकतं, मागच्या गाड्या अडवून धरतं, मग पुढचे मान न वळवता सरकतात. कुणाची गाडी बंद पडली तर त्याच्यापाशी थांबायचं ते शेपटानं. नव्या माणसाला शिकवायचंही शेपटानंच. निम्म्या तालुक्याला ओलीटानं चारा-धान्याच्या दुकानामागच्या मोकळ्या मैदानात शिकवलं होतं, शिव्या घालून घालून.

त्याच दुकानासमोरच्या फाट्यावर लाइल गेला. ऑक्टोबरची स्वच्छ सकाळ, तो कामावर निघालेला. समोरून गेलन टिब्सचा पिकअप आला आणि दुकानात शिरायला म्हणून डावीकडे वळला, थेट लाइलच्या पुढ्यात. गेलन दारू प्यायलेला नव्हता, फोनवर नव्हता, घाईतही नव्हता. कोर्टात न्यायाधीशानं विचारलं तेव्हा तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "मला तो दिसला नाही."

दंड झाला, काही महिने परवाना गेला, रस्त्याकडेचा कचरा उचलायची शिक्षा झाली. एवढ्यावर मिटलं. दुसऱ्याचा बैल मारला असता तरी यापेक्षा जास्त बोभाटा झाला असता.

भर दिवसा, भर रस्त्यावर, सव्वासहा फूट उंचीचा माणूस, पुढचा दिवा चालू, आणि दिसला नाही! ओलीटा ते वाक्य घेऊन झोपायची आणि ते घेऊन उठायची. रस्त्यावर आता तिचं देवाशी बोलणं बदललं होतं. "तू काही करणार असशील तर लवकर कर," ती वाऱ्यात ओरडायची. "तुझ्यानं होत नसेल तर तसं सांग. मी करते."

देवानं बराच काळ मौन पाळलं. मग काही वर्षांनी, एका वसंतात, त्यानं गेलनला तिच्या दारात आणून उभं केलं.

ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्याकडे मोटरसायकलींना आशीर्वाद देतात. चर्चच्या अंगणात गाड्यांची ओळ लागते, हॉइट एकेका हँडलवर हात ठेवून प्रार्थना म्हणतो, आणि मग जेवण. त्या दिवशी ओळीच्या टोकाला, ओलीटाच्या गाडीशेजारी, एक माणूस जुनी मोटरसायकल ढकलत घेऊन आला. ढकलत, कारण त्याला ती चालवता येत नव्हती. गेलन होता. गालफडं बसलेली, हातात टोपी.

अंगणातली पोरंसुद्धा खायची थांबली.

"मी पिकअप विकला," गेलन सगळ्यांसमोर म्हणाला. "मला... मला हे शिकायचंय. काचेच्या आत बसून जे दिसलं नाही ते बाहेरून बघायचंय. मिस ओलीटा, तुम्ही नको म्हणालात तर मी आल्या पावली परत जाईन."

हॉइट ओलीटाकडे बघत राहिला. सगळंच अंगण बघत राहिलं. ओलीटानं गेलनला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"शिकवेन," ती म्हणाली.

बायकांच्या डोळ्यांना धार लागली. केवढं मोठं मन! आठवडाभर तिच्या ओसरीत पीचच्या तळलेल्या करंज्या येत राहिल्या, मक्याचे पाव येत राहिले. ओलीटानं सगळं निर्लज्जपणे चाटूनपुसून खाल्लं. तिच्या मनात काय आहे हे त्यातल्या एकीलाही कळलं नव्हतं, आणि करंज्या चांगल्या झाल्या होत्या.

शिकवताना तिनं त्याला पिळून काढलं.

"क्लच हळू सोड, मेल्या! म्हशीचं शेपूट ओढतोयस का?"

"चुकलो, मिस ओलीटा."

"चुकलो म्हणून भागतं का सगळीकडे? उचल गाडी. पुन्हा."

तो पडायचा, उचलायचा, पुन्हा बसायचा. एका शब्दानं कुरकुर नाही. याचाच तिला जास्त राग यायचा. माणसानं उलटून बोलावं, म्हणजे द्वेष करायला सोपं जातं. हा मात्र पाणी मागतानाही विचारून मागायचा. रांगेत चालायचे नियम तिनं त्याच्याकडून पाठ करून घेतले. एक गाडी डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये अंतर. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: आपल्या पुढची जागा रिकामी झाली की पुढे सरकून ती भरायची.

"लगेच भरायची. रांगेत भगदाड दिसलं की त्यात गाड्या घुसतात आणि माणसं मरतात. विचार करत बसायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. काय करायचं?"

"भरायची."

"मोठ्यानं."

"भरायची!"

सगळं शिकवलं. फक्त दोन गोष्टी मुद्दाम गाळल्या.

पहिली म्हणजे लाइलची जागा. दर ऑक्टोबरात मंडळ लाइलच्या नावानं नदीकाठानं फाट्यापर्यंत जातं, आणि त्या दिवशी हॉइटच्या बाजूची जागा मोकळी ठेवतात. कुणी त्यात शिरत नाही. मेलेला माणूस त्या दिवशी आपल्याबरोबर चालतो, अशी रीत आहे. नव्या माणसाला हे शेपटानं सांगायचं असतं. ओलीटा सांगणार नव्हती. नवख्यांना हॉइट नेहमी आपल्या मागच्या रांगेत ठेवायचा, म्हणजे आरशात लक्ष राहतं. तेव्हा गेलन बरोब्बर त्या रिकाम्या जागेच्या मागे येणार, आणि शिकवल्याप्रमाणे पुढे सरकून लाइलच्या जागी जाऊन बसणार. ज्यानं मारला त्यानंच जागा घेतली! सगळा तालुका बघेल. पाठीवरची पट्टी उसवून घेतील, मंडळातून हाकलतील आणि पुन्हा या रस्त्यावर तोंड दाखवायची त्याची छाती होणार नाही. तिनं उन्हाळाभर हे मनात घोळवलं. झोप छान लागायची.

दुसरी गोष्ट ती स्वतःशीही फारशी बोलली नव्हती. ती सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची: गाडीवाल्यांना आपण दिसत नाही असं धरून चाल. फाटा आला की दोन बोटं ब्रेकवर. समोर वळायला थांबलेल्या गाडीतल्या माणसाच्या तोंडाकडे बघू नको, तो तुझ्याकडे बघूनही वळेल. चाकाकडे बघ. चाक हललं की समज. हे तिनं लाइल गेल्यापासून प्रत्येकाच्या डोक्यात हातोड्यानं ठोकलं होतं. गेलनला सांगितलं नाही. त्याला कशाला सांगायचं? त्याच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

ऑक्टोबर आला. ओक लाल झाले, सकाळी नदीवर धुकं धरू लागलं. चर्चच्या अंगणात गाड्या जमल्या. गेलनच्या पाठीवरही आता मंडळाची पट्टी होती. निघण्याआधी सगळे डोकी उघडी करून गोल उभे राहिले आणि हॉइटनं प्रार्थना सांगितली. मग तो म्हणाला, "आज लाइल माझ्या बाजूला चालणार आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. गेलननंही हलवली. त्याला वाटलं, पास्टर लोक बोलतात तसं बोलला.

अरुंद पूल ओलांडेपर्यंत सगळे एकामागे एक गेले. पूल संपला, दुहेरी रांग धरली गेली. सगळ्यात मागे ओलीटा. आनंदानं मान उंचावून पुढे बघत. पुढे नदीचं मोठं वळण आहे. तिथं रांग अशी वळते की शेपटाला डोकं दिसतं.

आधी तिला हॉर्न ऐकू आले. पुढचे लोक हात हलवून कुणाला तरी मागे बोलावत होते. आणि तो कुणीतरी, शाबासकीच मिळते आहे असं समजून, डावा हात उंचावून सगळ्यांना प्रतिसाद देत होता. बावळट! ओलीटा हेल्मेटमध्ये खदाखदा हसली.

मग ती वळणावर आली आणि रांगेचं डोकं तिला समोर दिसलं. रांग पूर्ण होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूर्ण. हॉइटच्या बाजूला काळ्या जाकिटातला एक माणूस उन्हात ताठ बसून चालला होता, हात वर करून, अगदी लाइल करायचा तसा.

"लाइल," ओलीटा म्हणाली.

क्षणभरच. पण त्या क्षणात तिचा सगळा जीव गाडी सोडून पुढे धावला होता. आणि मग तो गेलन टिब्स आहे हे तिला आठवलं. तिनं दात इतके आवळले की कानात ठणका लागला. याची तिला कल्पना नव्हती. उन्हाळाभर मनात घोळवलेल्या चित्रात हे कुठंच नव्हतं.

फाट्याच्या अलीकडे लाइलच्या नावाचा पांढरा क्रूस आहे. तिथं रांग थांबली. ओलीटा पोचेपर्यंत मंडळातल्या आडदांड बकनं गेलनची कॉलर धरली होती.

"लाज नाही वाटत? मारलंस ते पुरलं नाही म्हणून त्याच्या जागेवर बसतोस?"

"कुणाची जागा? ती रिकामी होती..." गेलननं आजूबाजूला बघितलं. सगळ्यांची तोंडं बघितली, पांढरा क्रूस बघितला, आणि त्याला कळलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

हॉइट मध्ये पडला. "बक, सोड त्याला. गेलन, ही जागा लाइलची. आजच्या दिवशी ती भरत नाहीत. तुला हे ओलीटानं सांगितलं नव्हतं?"

गेलननं मान वर करून ओलीटाकडे बघितलं. ती हाताची घडी घालून उभी होती. तिनं ते मुद्दाम लपवलं हेही त्याला आता कळत होतं, ते तिला त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. बोल म्हणावं. बोल, मेल्या, माझ्यावर ढकल. मी नाही म्हणेन, आणि इथं तुझ्यावर कोण विश्वास ठेवतं ते बघू.

"सांगितलं होतं," गेलन म्हणाला. "मीच विसरलो. त्यांची काही चूक नाही."

बकनं खिशातून चाकू काढून त्याच्या पाठीवरच्या पट्टीचे टाके उसवायला घेतले. गेलन गुमान पाठ करून उभा राहिला. उन्हाळाभर वाट बघितली ती हीच घटका. ओलीटानं फक्त मूग गिळून गप्प बसायचं होतं. उट्टं निघालं असतं.

पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा मला पाठीशी घालतो? हा? मी याला माफ केलं नाही, आणि यानं मला माफ करून टाकलं? सगळ्यांदेखत? ज्याला मी पाण्यात पाहते त्याच्या उपकाराखाली राहू होय? उद्यापासून चर्चमध्ये तो दोन बाक मागे बसणार आणि तिचं गुपित पोटात घेऊन तिच्याकडे मवाळ नजरेनं बघणार. त्यापेक्षा मेलेलं बरं!

"खोटं बोलतोय तो," ओलीटा कडाडली. "थांब रे बक. मी सांगितलं नव्हतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याला लाइलच्या जागी बसलेलं तुम्ही बघावं म्हणून."

बकचा चाकू टाक्यावरच थांबला. दुकानासमोरच्या पत्र्याच्या पाटीवर वारा तेवढा वाजत होता.

"ओलीटा..." हॉइट म्हणाला.

"मला पश्चात्ताप वगैरे काही झालेला नाही, तेव्हा तसलं तोंड करू नका. मला फक्त याचे उपकार नकोत."

हॉइटनं बकला चाकू मिटायची खूण केली. तो मऊ माणूस, पण मंडळाच्या नियमात मऊपणा नव्हता. नव्या माणसापासून नियम लपवणाऱ्याला शेपटाला राहता येत नाही, कारण पुढचे सगळे त्याच्या भरवशावर चालतात. "शेपूट आजपासून बक सांभाळेल," तो म्हणाला. "तू माझ्या मागच्या रांगेत चालायचं. नवख्यांच्यात. गेलनच्या बाजूला."

ओलीटाला कारखान्यातून काढून टाकलं असतं तरी एवढं लागलं नसतं. पण तिनं हूं की चूं केलं नाही. गाडी ढकलत पुढे आणली आणि गेलनच्या गाडीशेजारी लावली. बकनं उसवलेले टाके तसेच लोंबत होते, पट्टी एका बाजूनं सुटलेली. गेलन हेल्मेटचा पट्टा लावत होता.

समोर लाइलची जागा होती. इतकी वर्षं ती ओलीटानं शेपटावरून बघितली होती, लांबून, वळणावर, क्षणभर. आता ती हातभर अंतरावर होती. डांबराचा एक तुकडा, त्यावर तेलाचा जुना डाग. आणि तिच्यापलीकडे फाटा, आणि फाट्यावर पलीकडून येऊन दुकानात वळायला थांबलेला एक पांढरा पिकअप. डावा दिवा लुकलुकत होता.

गेलन त्या पिकअपमधल्या माणसाच्या तोंडाकडे बघत होता. त्याची उजव्या हाताची सगळी बोटं मुठीभोवती घट्ट होती. एकही ब्रेकवर नव्हतं.

ओलीटानं मनात देवाला एक अशी शिवी दिली की जी चर्चमध्ये सांगता येणार नाही.

"ए," ती म्हणाली. "इकडे बघ. एक गोष्ट राहिलीय शिकवायची."

"काय, मिस ओलीटा?"

"त्याच्या तोंडाकडे बघू नको. तो तुझ्याकडे बघतोय असं वाटतं, पण त्याला तू दिसत नाहीस. चाकाकडे बघ. दोन बोटं ब्रेकवर ठेव. प्रत्येक फाट्यावर. मरेपर्यंत."

गेलननं पिकअपच्या चाकाकडे बघितलं. मग आपल्या मुठीकडे. मग पांढऱ्या क्रुसाकडे.

"हे तुम्ही... बाकीच्यांना पहिल्याच दिवशी शिकवता. मी ऐकलंय."

"हो."

"मला नाही शिकवलंत."

"नाही शिकवलं."

आता त्याचे डोळे भरून आले. ते बघून तिला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

"मग आता का सांगताय?"

"तू असा फटकन सुटून गेलेला मला चालणार नाही म्हणून," ओलीटा म्हणाली. "तू मेलास तर सकाळी उठून मी शिव्या कुणाला घालू? चांगला म्हातारा हो. रोज आठव. मी बघतेय. आणि उद्या मैदानात ये, वळताना तुझा खांदा अजून पडतो."

हॉइटनं हात वर केला. इंजिनं सुरू झाली, रांग हलली. फाट्याशी आल्यावर पिकअपचं चाक जरासं फिरलं. गेलनची दोन बोटं ब्रेकवर आवळली गेली, ओलीटानं ती बघितली, तिचीही आवळली गेली. पिकअपवाला दचकून थांबला आणि त्यानं काचेआडून माफीचा हात वर केला. रांग पुढे गेली.

पुढे सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना लाल ओक, आणि हॉइटच्या बाजूला ती रिकामी जागा त्यांच्या पुढे पुढे चाललेली. गेलन आपल्या ठिकाणाहून तसूभरही हलला नाही. ओलीटानं त्याच्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि गिअर बदलला.